नवं आउटबोर्ड इंजिन शंभर तासांच्या आतच गेलं, वॉरंटी नाकारताहेत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बोटीच्या नव्या फोर-स्ट्रोक आउटबोर्डच्या (बोटीच्या मागे बाहेरून बसवतात ते इंजिन) एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेलं. आधी थरथर जाणवली, मग आरपीएम चढेनात, शेवटी इंजिन स्टार्टच होईना. अलार्म एकदाही वाजला नाही, थंडाव्याच्या पाण्याची धारही शेवटपर्यंत नीट पडत होती.

डीलरने इंजिन न उघडताच निकाल दिला: "पाणी कमी पडून तापलंय, वॉरंटीत बसत नाही." कंपनीचा नकारही त्याच्याच तोंडून कळला, कागद काही नाही. संताप याचाच येतो. इंजिन तापलं असेल तर ईसीयूत (इंजिनाच्या कंप्युटरमध्ये) त्याची नोंद असणार. किती तास चाललं, कोणत्या आरपीएमला किती वेळ, कोणते फॉल्ट कोड आले, हे लॅपटॉप जोडला की दिसतं. तो रिपोर्ट मागतोय, तर नुसती टाळाटाळ.

२० तासांची पहिली सर्व्हिस याच डीलरकडे झाली, ऑइल-फिल्टरचं बिल आहे. वॉरंटी नोंदणीची प्रत आहे. बोट घरच्याच वापराची, भाड्याने कधीच दिलेली नाही. खाऱ्या पाण्यातून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने फ्लश करतो, पण त्याचा पुरावा काय देणार?

डीलरला वगळून थेट कंपनीकडे जाता येतं का? आणि "खर्च तुमचा, अशी सही द्या, मग उघडतो" म्हणतोय, ती द्यावी का? इंजिन त्याच्याच वर्कशॉपमध्ये अडकलंय आणि हंगाम हातचा चाललाय. कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

सही अजिबात देऊ नका. आधी कंपनीच्या ग्राहक विभागाला स्वतः ईमेल करा, डीलरला सीसीत ठेवा. सिरीयल नंबर, इंजिनाचे तास, बिलं जोडा आणि नकार वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली आहे ते लेखी मागा. ईसीयू रिपोर्टही त्यातच मागा. इंजिन उघडताना तुमचा स्वतंत्र मरीन सर्व्हेयर (बोटी-इंजिनं तपासणारा तज्ज्ञ) हजर राहील, ही अट घाला. इंपेलर (थंडाव्याचं पाणी खेचणारं पात्यांचं चाक), थर्मोस्टॅट, पिस्टन, रिंगा, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) यातलं काहीही फेकू देऊ नका. पाणी खरंच कमी पडलं असेल तर इंपेलरची पाती बहुधा सांगतीलच. एकाच पिस्टनचा माथा जळलेला निघाला, तर मात्र त्या सिलिंडरचा इंजेक्टर तपासायलाच हवा. टाकीतल्या पेट्रोलचा आणि ऑइलचा नमुना आजच सीलबंद करा. यानंतर खापर पेट्रोलवरच फोडलं जातं.

प्रतिसाद २

बोट ढकलणारा पंखा (प्रॉपेलर) कोणी निवडला? फुल थ्रॉटलला आरपीएम किती मिळत होते? पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं अंतर) जास्त असेल तर इंजिनावर कायम ताण राहतो आणि क्लेम त्यावरही अडवतात.

धागाकर्ता

मनापासून आभार. पंखा डीलरनेच बसवलाय, त्याच्या बिलात आहे. मॅन्युअलमध्ये ५००० ते ६००० आरपीएम दिलेत, फुल थ्रॉटलला त्यातच असायचं. ईमेल आज रात्रीच पाठवतो. दोष कंपनीचा निघाला तर सर्व्हेयरची फी त्यांच्याकडून कोणाला मिळाली आहे का?