राजवाड्याचे दिवे: इरेझर नको, मास्क लावा

इंदूरच्या रोषणाईतल्या राजवाड्याचे दोन फोटो, एक दिव्यांसाठी गडद नि एक भिंतींसाठी उजळ, फोटोशॉपमध्ये जोडताना वरचा लेयर (थर) इरेझरने खोडा, असा सल्ला कुणी कुणी देतं. नका हो! सेव्ह करून फाइल बंद केली की खोडलेलं गेलंच. त्याऐवजी मास्क लावा, म्हणजे लेयरचा कुठला भाग दिसावा हे ठरवणारं झाकण. त्यावर ब्रशने काळं रंगवलं की लेयर लपतो, पांढऱ्याने दिसतो, करड्याने अर्धवट. चुकलं तर एक्स दाबून ब्रशचा काळा-पांढरा रंग पालटा.

खरी मेख कडांची. खालच्या तीन दगडी मजल्यांवर मऊ ब्रश, फ्लो (रंग सुटण्याचा जोर) १०-१५ टक्के, पुरतो. वरच्या लाकडी मजल्यांच्या खिडक्यांवर तोच ब्रश दिव्यांभोवती मळकट वलय सोडतो. तिथे गडद लेयर वर ठेवून क्षणभर लपवा, चॅनेल्सच्या पॅनेलमध्ये आरजीबीच्या छोट्या चित्रावर कंट्रोल-क्लिक करून उजळ भाग निवडा, गडद लेयर परत दाखवून मास्क लावा. ती निवडच मास्क होते, म्हणजे दिवे गडद फोटोतले येतात. मग मास्कच्या चौकटीवर ऑल्ट-क्लिक केलं की नुसता मास्क दिसतो. सुटलेले ठिपके लगेच दिसतात. (गिम्प या दुसऱ्या फोटो-प्रोग्रॅममध्येही मास्क आहेच, बटणं वेगळी.)

आणि ट्रायपॉड असला तरी जवळच्या सराफा बाजाराकडे निघालेली माणसं दोन्ही फोटोंत वेगळ्या जागी असणार. गर्दीपुरता एकच फोटो ठेवा, नाहीतर अर्धपारदर्शक भुतं दिसतील.