सिम्पसन्समधल्या विसंगती: चूक कुठली, मुद्दाम केलेलं कुठलं?

रविवारचा_प्रेक्षक:
‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकन कार्टून मालिका पहिल्या भागापासून क्रमाने बघतोय, सोबत विसंगतींची यादी चालू आहे. तिसऱ्या भागात स्मिदर्स (होमरच्या मालकाचा मदतनीस) सावळा, निळ्या केसांचा. पुढे कायम पिवळा. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागाचं चित्रण पहिल्या भागापेक्षा कच्चं. होमर-मार्जचं, म्हणजे मालिकेतल्या आईबापांचं, जमतं १९७४मध्ये, पण नंतरच्या एका भागात नव्वदच्या दशकातही दोघं बिनलग्नाचे! यातल्या चुका कुठल्या? आणि सिनेमांचे संदर्भ कसे पकडता?

फ्रेमबाई:
प्रक्षेपणाच्या क्रमाने यादी केली तर घोळ होणारच. प्रत्येक भागापुढे निर्मिती क्रमांक, म्हणजे भाग बनवला त्या क्रमाचा क्रमांक, लिहा. १७ डिसेंबर १९८९ला आधी दाखवलेला नाताळचा भाग ७जी०८ आहे. सर्वात आधी बनलेला ७जी०१ इतका वाईट होऊन आला की बराचसा पुन्हा करावा लागला, म्हणून तो १३ मे १९९०ला, सीझनच्या शेवटी लागला. कच्चेपणा तिथून आलाय.
स्मिदर्स ही रंगवणाऱ्यांची निव्वळ चूक. ७जी०३मध्ये सावळा, ७जी०४मध्ये पिवळा. होमरचा मित्र बार्नी, त्याचे केस पिवळ्याचे तपकिरी झाले तो मात्र निर्णय: कातडीच्याच रंगाचे केस फक्त सिम्पसन कुटुंबाला ठेवायचे ठरलं. दोन्ही एका रकान्यात टाकू नका.

खोडसाळपंत:
१९७४ला चूक म्हणू नका हो. त्यांचा मुलगा बार्ट कायम दहा वर्षांचा, म्हणजे आईबापांचं तारुण्य पुढे सरकणारच. २००८च्या ‘दॅट नाइंटीज शो’मध्ये लेखकांनी ते जाणूनबुजून सरकवलं आणि होमरला ग्रंज (नव्वदच्या दशकातलं रॉक संगीत) बँड काढून दिला.
१९९७चा स्किनरचा भाग तिसऱ्याच जातीचा. बार्टच्या शाळेचे मुख्याध्यापक खरे स्किनर नाहीतच, आर्मिन टॅमझेरियन आहेत! शेवटी न्यायाधीश हुकूम काढतो की हा विषय पुन्हा काढायचा नाही, काढल्यास छळाची शिक्षा. भोक पाडायचं आणि झाकणही स्वतःच बसवायचं. मला तो भाग आवडत नाही, पण ही युक्ती झकास आहे.

फ्रेमबाई:
संदर्भांसाठी आधी चौकट तपासा. जुने भाग ४:३चे, म्हणजे जुन्या टीव्हीच्या चौकोनी पडद्याचे. डिस्ने प्लसने २०१९मध्ये ते १६:९च्या रुंद चौकटीत कापून दाखवले, तेव्हा ‘डफलेस’ या भागातली गंमत गेली: डफ, डफ लाइट आणि डफ ड्राय या बिअर एकाच नळीतून भरतात, पण नळी चौकटीबाहेर! २०२०मध्ये मूळ चौकटीचा पर्याय आला. मालिकेच्या तपशिलांच्या टॅबमध्ये ‘रीमास्टर्ड आस्पेक्ट रेशो’ बंद करा. डीव्हीडीची फाइल असेल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये इंग्रजी ‘E’ दाबत एकेक फ्रेम पुढे जा, पाट्या वाचता येतात.
निदान दोन खुणा जुळल्याशिवाय संदर्भ धरू नका. ‘केप फिअर’ या सिनेमावरच्या भागात सिनेमागृहातलं सिगारवालं हसू, गाडीखाली बांधून घेणं आणि संगीतकार हर्मनचं संगीत, तिन्ही जुळतात.

रविवारचा_प्रेक्षक:
त्याच भागात खलनायक बॉब दाताळ्यावर पुन्हापुन्हा पाय देतो, ते कुठल्या सिनेमातलं?

खोडसाळपंत:
कुठल्याच नाही. भाग लांबीला कमी पडत होता, म्हणून तोच फटका नऊ वेळा लावला.