आमदाराने सभागृहात प्रश्न विचारून खरंच काही हलतं का?

घाटरस्ता
परवा आमच्या ग्रुपवर एकाने टाकलं की अधिवेशनं बंद करा, नुसता खर्च आहे, प्रश्नोत्तराचा तास म्हणजे टीव्हीसाठी केलेली आरडाओरड, आणि त्याला पटापट अंगठे पण पडले. मला हे अजिबात पटलेलं नाही म्हणून इथे काढतोय.

मार्च २०२५ आठवा. अजित पवारांनी बजेटमध्ये ३० लाखांच्या वरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के टॅक्स लावला. पंधरा-सोळा दिवस गेले असतील नसतील, विधान परिषदेत अनिल परबांनी ईव्हीच्या टॅक्सचा विषय काढला आणि मुख्यमंत्र्यांनी तिथेच उभं राहून सांगितलं की टॅक्स मागे घेतो, यातून फार पैसा येणार नाही आणि उगाच चुकीचा संदेश जातोय. प्रश्न विचारणारा विरोधी बाकावरचा, मोर्चा नाही, कोर्ट नाही, आणि बजेटमधली घोषणा गेली!

दुसरं टोलचं. एप्रिल २०२५ मध्ये नवीन ईव्ही धोरण मंजूर झालं, त्यात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी होती. प्रत्यक्षात फास्टॅगमधून पैसे कापले जातच होते. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात हा प्रश्न आला तेव्हा अध्यक्ष नार्वेकरांनी सरळ आठ दिवसांत अंमलबजावणी करा म्हणून निर्देश दिले. ट्विटरवर लोक महिनोनमहिने स्क्रीनशॉट टाकत होते, त्याने काय झालं होतं?

पत्रकार परिषदेत मंत्री प्रश्न टाळून उठून जाऊ शकतो, सभागृहात बोललेलं कार्यवृत्तात जातं. एवढाच माझा मुद्दा आहे.

सीएनजीवाला
वा! उदाहरण पण काय शोधलंय. ३० लाखाची गाडी घेणाऱ्याचा टॅक्स गेला म्हणून लोकशाही जिंकली.

त्याच बजेटमध्ये सीएनजी गाड्यांचा टॅक्स १ टक्का वाढवला होता, तो १ जुलैपासून लागू पण झाला. सीएनजी कोण घेतो? ज्याला पेट्रोल परवडत नाही तो. म्हणजे कमी धूर सोडणारी स्वस्त गाडी घेतली तर जास्त भरा आणि महागडी घेतली तर सभागृहातून माफी. आणि एसटीचं भाडं १४.९५ टक्के कधी वाढलं? २५ जानेवारी २०२५. नागपूर अधिवेशन डिसेंबरात उरकलं होतं आणि बजेटचं मार्चमध्ये, बरोब्बर मधल्या खिंडीत परिवहन प्राधिकरणाने मंजुरी दिली, रिक्षा-टॅक्सीचं पण त्याच झटक्यात, रिक्षा २३ ची २६ झाली. विचारा प्रश्न आता, तोपर्यंत महिनाभर तिकीट काढून झालेलं असतं.

घाटरस्ता
सीएनजीचं मान्य, पण ते तुझ्याच विरोधात जातंय. ईव्हीच्या टॅक्सचा विषय लावून धरला म्हणून तो गेला, सीएनजीवाल्यांसाठी तेवढ्याच जोरात कोणी भांडलं असतं तर? प्रश्न विचारण्यात दोष नाही, कोणासाठी विचारतात त्यात आहे.

सीएनजीवाला
तेच तर म्हणतोय. ज्यांचा आवाज तिथपर्यंत पोचतो त्यांच्यासाठीच विचारतात. २००५ विसरलात वाटतं, संसदेत पैसे घेऊन प्रश्न विचारले म्हणून ११ खासदार घरी पाठवले होते, त्यात आपले महाराष्ट्रातले पण होते.

इरईकाठचा
मी चंद्रपूरचा, त्यामुळे जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

आमच्याकडे महानिर्मितीचं २९२० मेगावॅटचं, कोळशावरचं थर्मल आहे, त्यांचं सगळ्यात मोठं. छतावर पांढरा शर्ट वाळत घातला तर संध्याकाळी झटकून आत आणायचा, झटकायच्या आधी हात लावायचा नाही नाहीतर बोटांचे ठसे उमटतात, हे आमच्याकडे लहान पोरांना पण माहिती आहे. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २००९ च्या प्रदूषित औद्योगिक भागांच्या यादीत चंद्रपूर देशात चौथं होतं, ८३.८८ गुण! परीक्षेत कधी पडले नाहीत एवढे.

आता सभागृहात प्रश्न येत नाही असं नाही, दर अधिवेशनात कोणी ना कोणी विचारतोच. पण तो छापील कागद कधी वाचलाय का? विधिमंडळाच्या साईटवर पीडीएफ असतात. ठरलेला साचा आहे. "चंद्रपूर शहरात प्रदूषण वाढल्याने नागरिकांना श्वसनाचे आजार होत आहेत, हे खरे आहे काय?" उत्तर, "हे अंशतः खरे आहे." पुढे, "असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?" मग अर्धं पान मंडळाने नोटीस दिली, निर्देश दिले, पाठपुरावा सुरू आहे. आणि शेवटी, "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" तर म्हणे "प्रश्न उद्भवत नाही." दम लागलेल्या माणसाला हे वाचायला द्या.

आणि मूळ गोष्ट तर मुंबईच्या नाही दिल्लीच्या हातात. सल्फर डायऑक्साइड पकडायचं एफजीडी यंत्र बसवा असा नियम डिसेंबर २०१५ चा, मुदत दोन वर्षांची. मग वाढवली, परत वाढवली, परत वाढवली, आणि जुलै २०२५ मध्ये केंद्राने देशातल्या बहुतेक प्लांटना त्यातून सूटच देऊन टाकली. आमच्यासारख्या आधीच प्रदूषित म्हणून नोंदलेल्या भागात म्हणे तज्ज्ञ समिती एकेक केस बघून ठरवणार. आमदाराने विधानसभेत कितीही घसा फोडला तरी मंत्री म्हणणार केंद्राचा विषय आहे. इथे आमचे आमदार जोरगेवार २०० युनिट फुकट वीज द्या म्हणून किती वर्षं मागतायत, वीज आमच्याकडे बनते, राख आमच्याकडे पडते आणि बिल मात्र सगळ्यांसारखंच.

जुनी फाईल
सरकारी नोकरीतून निवृत्त आहे, आरोग्य खात्यात कारकुनी केली, त्यामुळे दुसऱ्या बाजूने काय दिसतं ते सांगते.

तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, आला की ऑफिसात काय धांदल उडते ते बाहेरच्यांना माहीत नाही. मंत्रालयातून वरच्या ऑफिसला, तिथून जिल्ह्याला, तिथून आम्हाला, आणि प्रत्येक जण खालच्याला सांगणार आज पाचच्या आत माहिती द्या. रजा रद्द. ज्यांच्याकडे काही नाही त्यांनी पण "निरंक" लिहून पाठवायचं, नाहीतर मेमो. मी असताना एका ग्रामीण रुग्णालयाचं एक्स-रे मशीन आलं तेव्हापासून प्लास्टिकच्या कव्हरात होतं, तंत्रज्ञाचं पद रिकामं. गावातल्या लोकांनी अर्ज करून झाले, पेपरात बातमी येऊन झाली. आमदाराने नाव घेऊन प्रश्न टाकला, मशीन किती तारखेपासून बंद आहे, पद किती तारखेपासून रिक्त आहे, आणि त्याच आठवड्यात प्रतिनियुक्तीवर माणूस हजर! कव्हर निघालं, फोटो काढले, उत्तरात लिहिलं मशीन कार्यान्वित आहे.

सीएनजीवाला
आणि अधिवेशन संपल्यावर?

जुनी फाईल
अधिवेशन संपल्यावर तो माणूस मूळ जागी परत. पण मधे जेवढे दिवस होता तेवढे दिवस एक्स-रे निघाले ना? ज्याचा हात मोडला होता त्याला विचारा. पुढच्या अधिवेशनात त्याच आमदाराने "मागील उत्तरानुसार" म्हणून परत विचारलं असतं तर पद भरावंच लागलं असतं. विचारलं नाही. तोवर त्यांचा दुसरा विषय सुरू झाला होता.

मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळतं भाऊ. इरईकाठचा म्हणतात तसं "प्रदूषण वाढले आहे काय" विचारलं तर अंशतः खरे आहे हेच येणार. कोणत्या युनिटच्या चिमणीची मोजणी कोणत्या महिन्यात मर्यादेच्या वर गेली, त्याची नोटीस कधी दिली, बँक गॅरंटी जप्त केली का, असं विचारा. खालचा कारकून घामाघूम होतो, मी झालेली आहे.

दादर पश्चिम
तुम्ही सगळे उत्तर मिळत नाही म्हणून रडताय, आमच्याकडे उलट झालं. नको एवढ्या झटपट मिळालं.

३ जुलै २०२५, विधान परिषदेत मनीषा कायंदेंनी कबुतरांच्या विष्ठेमुळे फुप्फुसाचे आजार होतात म्हणून कबुतरखान्यांचा विषय काढला. चित्रा वाघांनी स्वतःच्या आत्याचं उदाहरण दिलं. उदय सामंतांनी तिथल्या तिथे सांगितलं की मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायच्या सूचना महापालिकेला देतो. झालं! ना जागेचा विचार, ना कोणाशी बोलणं. महिन्याभरात दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री, ६ ऑगस्टला जमावाने ती फाडली, त्याच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री म्हणालेले की एकदम बंद करणं बरोबर नाही, नियंत्रित खाद्य सुरू ठेवा. मंत्री एक बोलले, मुख्यमंत्री दुसरं, हायकोर्ट तिसरीकडे समिती नेमायला सांगतंय.

मी कबुतरांच्या बाजूचा अजिबात नाही. आमच्या एसीच्या डक्टमध्ये घरटं आहे आणि आईला बारा महिने खोकला. पण आरोग्याचं धोरण लक्षवेधीच्या उत्तरात पाच मिनिटांत ठरायला लागलं तर ते पाच मिनिटांतच फिरणार.

घाटरस्ता
पण विषय ऐरणीवर आला की नाही? वर्षानुवर्षं छातीचे डॉक्टर सांगत होते, कोणी ऐकत नव्हतं. त्या एका दिवसानंतर अख्ख्या मुंबईला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हा शब्द माहीत झाला.

दादर पश्चिम
शब्द माहीत झाला, खोकला तसाच आहे. आणि कबुतरं आता कबुतरखान्यावरून उठून आमच्या गॅलरीत बसतायत.

मधली आळी
मला वाटतं तुम्ही उगाच विधिमंडळाच्या मागे लागलात, खरं काम कोर्टात होतं. मुंबईच्या हवेवर हायकोर्टाने स्वतःहून याचिका घेतली, जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जा म्हणून सांगितलं, पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का बघायला समिती बसवायला लावली. हे कोणत्या आमदाराने केलं असतं? बेकरीवाला मतदार असतो हो.

जुनी फाईल
म्हणूनच आमदाराने करायला हवं. कोर्टाने सांगितलं सहा महिन्यांत बदला, ठीक. पण ज्या पाववाल्याकडे इलेक्ट्रिक ओव्हनचे पैसे नाहीत त्याला अनुदान कोण देणार, विजेचा दर कोणता लावणार, हे कोर्ट ठरवत नाही. ते बजेटमधून येतं आणि बजेटवर सभागृहातच बोलायचं असतं. हे काम कोर्टावर ढकलून आमदार मोकळे होतात, आणि तुम्ही त्यांना टाळ्या देताय.

इरईकाठचा
ताईंचं चिमणीचं पटलं. आणि एक खरं, महानिर्मिती राज्य सरकारचीच कंपनी आहे, त्यामुळे एफजीडीचा नियम केंद्राचा असला तरी पैसे ठेवले का, टेंडर काढलं का, कुठल्या युनिटला आधी बसवणार, हे राज्याच्या मंत्र्याला विचारता येतं. केंद्राचा विषय म्हणून हात झटकू द्यायचे नाहीत. पण असा उलटतपासणी घेणारा आमदार आणायचा कुठून? अर्धे जण उपप्रश्नात आपल्या मतदारसंघातल्या रस्त्याचं गाऱ्हाणं घालतात, मंत्री "तपासून घेतो" म्हणतात आणि घंटा वाजते.

सीएनजीवाला
आणि विचारणार कोण, विरोधक उरलेत किती? २८८ मध्ये जेमतेम पन्नास निवडून आले, विरोधी पक्षनेता बसवण्याएवढी संख्या एका पक्षाकडे नाही.

घाटरस्ता
म्हणून तर आता सत्तेतल्या आमदारांचे प्रश्न बघायचे. मुनगंटीवार आपल्याच सरकारला धारेवर धरतात ते नाराजीतून असेल, असू दे, आपल्याला काय, उत्तर कार्यवृत्तात येतं ना! आणि दिलेला शब्द पाळला नाही तर आश्वासन समिती आहे.

सीएनजीवाला
आश्वासन समितीच्या अहवालावर कोणी मंत्री घरी गेल्याचं एक उदाहरण द्या, मी सीएनजी विकून ईव्ही घेतो.

इरईकाठचा
भांडा तुम्ही. ताई, एक विचारायचं होतं, आमच्यासारख्या साध्या माणसाला थेट विधिमंडळाकडे अर्ज करता येतो का?

जुनी फाईल
विनंती अर्ज समिती असते. पण अर्ज सदस्यामार्फत जातो.

इरईकाठचा
म्हणजे परत आमदारच. बरं, तो चिमणीचा प्रश्न तारखांसकट लिहून देता का, मी नेऊन देतो. अधिवेशनाच्या आधी किती दिवस द्यावा लागतो तेवढं सांगा.

जुनी फाईल
आत्ताच द्या. महिनाभर तरी आधी. आणि मंडळाची मोजणीची आकडेवारी माहिती अधिकारात काढून जोडा, नाहीतर पहिल्याच ओळीत "हे खरे नाही" येईल.