मदत हवी आहे : नाशिकमध्ये परवडणारी भाड्याची सदनिका

नमस्कार. पुढच्या महिन्यापासून माझी नोकरी अंबड औद्योगिक वसाहतीत सुरू होत असून, आईसह राहण्यासाठी मला दोन खोल्यांची, म्हणजे वन बीएचके, सदनिका हवी आहे. देखभाल खर्च धरून दरमहा दहा हजारांपेक्षा अधिक भाडे मला झेपणार नाही, त्यामुळे गंगापूर रोड व कॉलेज रोडचा विचार मी आधीच सोडला आहे. सिडको, इंदिरानगर आणि पाथर्डी फाटा यांपैकी कोठे या रकमेत बरे घर मिळू शकेल? आईचे गुडघे दुखत असल्याने तळमजला किंवा लिफ्ट आवश्यक आहे. उन्हाळ्यातही पाणी नियमित येत असेल, तर खोली लहान असली तरी चालेल.

एका मध्यस्थाने महिन्याच्या भाड्याइतकी दलाली मागितली आणि अकरा महिन्यांचा करार नोंदणीविना, केवळ नोटरीकडे करू, असे सुचवले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार कराराची नोंदणी बंधनकारक असून ती मुख्यतः घरमालकाची जबाबदारी आहे, तरीही मालक टाळाटाळ करतात. अशा वेळी आपण काय केलेत? दलालाशिवाय थेट मालकांशी संपर्क कसा साधावा, हेही कृपया सांगावे.