थॉमस चषकामागचे थॉमस

२०२२ मध्ये भारताने जिंकलेल्या बॅडमिंटनच्या थॉमस चषकावरून (पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा) इथे बोलणं चाललंय आणि ‘हे थॉमस कोण?’ असं कुणीतरी विचारलंय, म्हणून थोडी भर घालतो.

सर जॉर्ज थॉमस, जन्म १८८१. ऑल इंग्लंड या बॅडमिंटनच्या मानाच्या स्पर्धेत त्यांनी एकूण २१ विजेतेपदं मिळवली. पहिलं १९०३ मध्ये मिश्र दुहेरीत, एथेल थॉमसनबरोबर (याच बाई पुढे १९१२ ला विंबल्डन जिंकल्या!), शेवटचं १९२८ मध्ये. मला सगळ्यात थक्क करतं ते एकेरीचं. महायुद्धात स्पर्धाच बंद होती, ती १९२० मध्ये पुन्हा सुरू झाली आणि या गृहस्थांनी सलग चार वर्षं एकेरी जिंकली. तेव्हा वय किती, तर अडतिसाव्या वर्षापासून एक्केचाळिसाव्यापर्यंत! आणि १९२३ मध्ये त्याच वर्षी ब्रिटनचं बुद्धिबळ विजेतेपदही. हेस्टिंग्जच्या १९३४-३५ च्या स्पर्धेत तर त्यांनी माजी जगज्जेता कापाब्लांका आणि पुढे जगज्जेता झालेला बोट्विनिक या दोघांनाही हरवलं.

१९३४ साली आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघ स्थापन झाला, त्याचे पहिले अध्यक्ष तेच. चषक त्यांनी १९३९ मध्ये दिला, पण पुन्हा युद्ध आडवं आलं. पहिली स्पर्धा १९४८-४९ ला झाली आणि मलायाने (आताच्या मलेशियाचा भाग) जिंकली.