जर्मन शेफर्डची पिल्ले : लसी पूर्ण होईपर्यंत माणसांपासून दूर ठेवावीत का?

निंबाखाली (प्रश्न)

नमस्कार. आमची जर्मन शेफर्ड कुत्री राणी अडीच वर्षांची असून ती पहिल्यांदाच गाभण आहे. तिचे आणि नराचे, दोघांचेही केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद आहेत. मेटिंग होऊन आज 38 दिवस झाले असून सोनोग्राफीत पाच पिल्ले दिसली आहेत. आम्ही फलटणजवळ मळ्यात राहतो. दारात गोठा आहे, ट्रॅक्टरची ये-जा असते आणि पिके निघाली की धनगरांच्या मेंढ्या खतासाठी आमच्या रानात बसतात.

आमच्या डॉक्टरांनी पार्व्होच्या, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या विषाणूजन्य आजाराच्या, भीतीने पिल्लांना 16 आठवडे, म्हणजे लसी पुऱ्या होईपर्यंत, बाहेरच्या कोणालाही भेटू देऊ नका असे सांगितले आहे. पुण्यातील एक परिचित ब्रीडर मात्र नेमके उलट सांगतात. त्यांच्या मते पिल्ले जितक्या हातांतून फिरतील तितकी धीट होतात. माझी काळजी राणीमुळे वाढली आहे. ती चार महिन्यांची होईपर्यंत एका गच्चीवरच्या पिंजऱ्यात वाढली. घरच्यांशी ती अतिशय मायाळू आहे, परंतु कोणी छत्री उघडली की आजही खाटेखाली शिरते आणि तासभर बाहेर येत नाही. पिल्लांच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून काय करावे? शिवाय वडिलांच्या आग्रहामुळे तिला रोज दुधातून कॅल्शियमचे सिरप देत आहोत, ते योग्य आहे का, हेही कृपया सांगावे.

पांदण

सिरपचा मुद्दा आधी घेतो, कारण तो थांबण्यासारखा नाही. तुमच्या दारात गोठा आहे, तेव्हा गायीचा दुग्धज्वर तुम्ही पाहिला किंवा ऐकला असेलच. व्यायल्यावर दूध एकदम उतरते, रक्तातील कॅल्शियम घसरते आणि जनावर आडवे होते. कुत्रीलाही हाच विकार होतो. गाभणपणात बाहेरून कॅल्शियम मिळत राहिले की हाडांतून ते काढून घेण्याची शरीराची सवय सुस्तावते आणि पिल्ले पिऊ लागल्यावर ऐन गरजेच्या वेळी ती यंत्रणा जागी होत नाही. लहान जातींत हे अधिक दिसते, तरी मोठ्या कुत्रीवर प्रयोग करण्याचे कारण नाही. डॉक्टरांशी आजच बोलून सिरप बंद करावे आणि तिला हळूहळू पिल्लांसाठीच्या चांगल्या खाद्यावर आणावे. सोनोग्राफीतला पाचाचा आकडाही अंदाजच समजावा. पंचावन्नाव्या दिवसानंतर एक्स-रे काढल्यास कवट्या आणि कणे मोजता येतात, आणि व्यायच्या रात्री आत एखादे पिल्लू अडकले आहे की नाही हे त्या आकड्यावरूनच कळते.

आता मूळ प्रश्न. पिल्लाचे डोळे 10 ते 14 दिवसांत उघडतात आणि कान त्यानंतर काही दिवसांनी. तोवर त्याला ऊब, दूध आणि आईची जीभ एवढेच जग असते, त्यामुळे या काळात रोज वजन करताना दोन मिनिटे हातात घेतले तरी पुरते. माणसांची आणि नव्या गोष्टींची सहज सवय होण्याची खरी खिडकी तिसऱ्या आठवड्यात उघडते आणि बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत हळूहळू मिटत जाते. अमेरिकेतील मेन राज्यातल्या बार हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षे काम केले, आणि त्या पाचांत शेटलंड शीपडॉग ही मेंढपाळी जातही होती. तेथीलच 1961 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लांना माणसाचा सहवास 14 आठवड्यांपर्यंत मिळू दिला नव्हता, आणि ती पिल्ले पुढे माणसाला धड जवळ येऊ देईनात. तुमची राणी चार महिने पिंजऱ्यात होती, म्हणजे ही सगळी खिडकी तिने गच्चीवरच घालवली. सोळा आठवडे दार बंद ठेवणे म्हणजे तीच गच्ची पुन्हा बांधणे होय.

तुमच्या परिचितांचे म्हणणेही मला पटत नाही. वीस माणसांनी उचलून गालाला लावलेले पिल्लू धीट होतेच असे नाही. कधीकधी ते फक्त सुटका नाही हे शिकते. पाहुण्याने जमिनीवर बसावे, हात मांडीवर ठेवावा आणि पिल्लू आपल्या पायांनी येते का ते पाहावे. ताट पडल्याच्या आवाजाने पिल्लू दचकले तर घाबरू नका, ते किती वेळात पुन्हा खेळू लागते याकडे लक्ष द्या. पाच-सात सेकंदांत सावरणारे पिल्लू उत्तम. कोपऱ्यात जाऊन बसणाऱ्यासाठी तोच आवाज दुसऱ्या दिवशी दुरून आणि हलका करावा, आणि त्याला कोणी कुरवाळत बसू नये हा गैरसमज मात्र सोडून द्यावा. आधार दिल्याने भीती वाढत नाही.

तीन_ऋतू_दूर

मी गेली काही वर्षे जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो, म्हणून जातीच्या मुळाविषयी थोडे लिहितो. माक्स फोन श्टेफानित्स यांनी 1899 मध्ये कार्ल्सरूह येथील प्रदर्शनात होरांड हा कुत्रा विकत घेतला आणि त्याच महिन्यात या जातीची संघटना स्थापन केली. होरांड हाच नोंदवहीतला पहिला जर्मन शेफर्ड. या भागातील फिरत्या मेंढपाळांच्या शेतांना कुंपण नसे. कळपाच्या एका अंगाला उभे पीक असे आणि कुत्रा त्या पिकाच्या कडेच्या सरीतून दिवसभर मागेपुढे धावत राही, म्हणजे तोच चालता बांध. रात्री मेंढ्या खतासाठी शेतात कोंडत, हे वाचून तुम्हाला आपलेच रान आठवेल. बॉर्डर कोली दबा धरून, डोळ्याने मेंढ्या वळवतो; हा मात्र हद्द राखतो.

याचा पिल्लांशी संबंध असा की हद्द राखण्याची वृत्ती रक्तातच असल्याने या पिल्लाकडून लॅब्राडोरसारखी सर्वांच्या गळ्यात पडण्याची अपेक्षा करू नये. अनोळखी माणूस आला, पिल्लाने पाहिले, हुंगले आणि ते आपल्या खेळाकडे वळले, एवढे साधले तरी पुष्कळ झाले. सहाव्या-सातव्या आठवड्यात ते पोरांच्या घोट्यांना दात लावू लागेल. तो रागीटपणा नव्हे, जातीचे काम आहे. पोरांनी पळण्याऐवजी जागीच थांबावे आणि पिल्लाच्या तोंडात दोरीची गाठ द्यावी.

एक गोष्ट जरा स्पष्टच लिहितो. इथल्या संघटनेच्या नियमांत कुत्रीला पैदाशीसाठी किमान वीस महिने वय लागते, शिवाय खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे तपासलेले असावे लागतात आणि स्वभावाची परीक्षाही द्यावी लागते. छत्रीला घाबरून तासभर न सावरणारी कुत्री त्या परीक्षेत टिकली असती का, याची मला शंका आहे. भित्रेपणाचा काही अंश आईकडून रक्तात उतरतो आणि उरलेला पिल्ले तिच्याकडे पाहून शिकतात.

निंबाखाली

आपले शब्द लागले, पण खोटे नाहीत. खुब्याचा एक्स-रे आम्ही काढला होता, स्वभावाचा विचार मात्र केला नाही. आता पिल्ले पोटात आहेत. पुढे काय करावे?

ओसरीवरून

मी पशुवैद्यक आहे. पार्व्होची भीती अनाठायी नाही, हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. परंतु धोका माणसांच्या भेटीत नसून त्यांच्या चपलांत आणि परक्या कुत्र्यांच्या विष्ठेत आहे. चपला फाटकाबाहेर ठेवाव्यात, हातपाय धुवावेत, ज्याच्या घरी आजारी कुत्रा आहे त्याला येऊ देऊ नये आणि फरशी तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून पुसावी. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, पुढच्या तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत, आणि जंतांचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला. या सगळ्या काळात पिल्लाला रस्त्यावर खाली सोडू नका, पण कडेवर घेऊन बाजार, शाळा, ट्रॅक्टर सारे दाखवा. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या वर्तनविषयक संघटनेनेही 2008 मध्ये हीच भूमिका घेतली की पहिल्या लसीनंतर आठवडाभराने पिल्लांना बाहेर, पिल्लांसाठी भरणाऱ्या शिकवणीच्या वर्गात नेण्यास हरकत नसावी.

राणीसाठी एक करा. नवीन वस्तू आणि पाहुणे पिल्लांपुढे येतील तेव्हा तिला मळ्यात फिरायला घेऊन जा. ती खाटेखाली शिरताना पिल्लांनी पाहू नये. तिची पिल्ले गोठ्यातल्या शांत, लसी झालेल्या एखाद्या वयस्क कुत्र्याच्या संगतीत राहिली तर फारच उत्तम. आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू कोणालाही देऊ नका. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार तशी विक्री चालत नाही, मायक्रोचिप लागते आणि पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते.

निंबाखाली (दहा आठवड्यांनंतर)

राणी बासष्टाव्या दिवशी व्यायली. एक्स-रेत सात दिसली होती, सातही झाली; एक दुसऱ्या दिवशी गेले. दुग्धज्वराचा त्रास झाला नाही.

सहाव्या आठवड्यात मी राणीला विहिरीकडे पाठवून अंगणात छत्री आधी मिटलेलीच ठेवली. पिल्लांनी तिची मूठ चघळली. दोन दिवसांनी ती अर्धी उघडून ठेवली, मग त्यांच्यापासून दहा पावलांवर हळूच पूर्ण उघडली. पाच पिल्ले थबकली आणि लगेच धावत आली. सहावी, कानाला काळा डाग असलेली मादी, गव्हाणीमागे गेली. मी छत्री तशीच जमिनीवर ठेवून बाजूला बसलो. तिने पाऊण मिनिट घेतले, पोट जमिनीला लावून आली, कापडाच्या कडेला नाक लावले आणि मग भावाच्या शेपटीला चावायला निघून गेली. सातव्या आठवड्यात तिने हेच चार-पाच सेकंदांत केले.

एका गृहस्थांना पस्तिसाव्या दिवशीच पिल्लू हवे होते, मुलाच्या वाढदिवसासाठी. त्यांना नाही म्हटले. ते रागावून गेले. काळ्या डागाची मादी आम्ही कोणाला देणार नाही. राणीची पुन्हा पैदास करायची नाही असे घरात ठरले आहे, वडीलही आता त्याला तयार आहेत.

परवा रानात मेंढ्या बसल्या. पिल्ले बांधावर उभी राहून पाहत होती, आणि त्यांतले एक, कोणी न शिकवता, बांधाच्या कडेने मागेपुढे धावत होते.