कृष्णधवल प्रिंट: ड्रायव्हरचा मोड खरंच पुरतो का?

चंदेरीकण
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, "कंपनीची शाई भरा, ड्रायव्हरमध्ये ब्लॅक अँड व्हाइट निवडा, विषय संपला. क्वाडटोनरिप, कार्बन शाया हे रिकामटेकड्यांचे चोचले." ते डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा. (नवख्यांसाठी: ड्रायव्हर म्हणजे प्रिंटरसोबत येणारं कंपनीचं सॉफ्टवेअर. क्वाडटोनरिप म्हणजे कृष्णधवल प्रिंटसाठी त्याऐवजी वापरायचं वेगळं सॉफ्टवेअर. कार्बन शाया म्हणजे रंगीत शायांच्या जागी भरायच्या, कार्बनच्या काळ्या-राखाडी शाया.)

माझ्या आजीचा एक फोटो आहे. नऊवारी, डोक्यावर पदर, मागे माजघराचा अंधार. आधी सहारंगी टाकीवाल्या प्रिंटरवर काढला. त्यात काळी शाई एकच, म्हणजे राखाडी छटा रंग मिसळूनच येणार. ट्यूबलाइटखाली झकास दिसला. खिडकीपाशी नेला तर आजीचा गाल हिरवट! भिंग लावलं तर गालभर निळे-गुलाबी ठिपके. तो प्रिंट मी भिंतीवर लावूच शकलो नाही. आता तीच फाइल तीन काळ्या शायांच्या प्रिंटरवर, क्वाडटोनरिपमधून, माझ्या कागदासाठी मीच बनवलेल्या कर्व्हने (कुठल्या छटेला किती शाई, त्याचा आलेख) काढली आहे. पदराचा काठ माजघराच्या अंधारातून सुटा दिसतो. याला चोचले म्हणू नका.

वऱ्हाडी_लेन्स
ते मीच लिहिलं होतं, आणि अजूनही तेच म्हणतो. सहारंगी प्रिंटरबद्दल मी बोललोच कुठे? एप्सनच्या के-थ्री शाया २००५ साली आल्या, काळ्यासोबत दोन फिक्या काळ्या घेऊन. ड्रायव्हरमधला ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोडही तेव्हाच आला. त्यात रंगीत शाई टोन वळवण्यापुरती लागते. तुमच्या हिरव्या गालाचं औषध तिथेच आहे.

आणि कार्बन शाईचं ऐका. माझ्या मित्राने परदेशातून मागवली, वर कस्टम ड्यूटी भरली, चांगला चालता प्रिंटर तिच्या नावाने वाहून टाकला. रंगीत प्रिंट बंद. पहिल्याच मे महिन्यात हेड (शाई फवारणारा भाग) जाम. तो प्रिंटर आता माळ्यावर आहे.

रत्नागिरीचा_राजा
हेड जाम व्हायला शाई काय करणार? महिना-महिना प्रिंटर बंद ठेवला असेल.

वऱ्हाडी_लेन्स
बंद नव्हता हो! आमच्याकडे मे महिन्यात दोरीवरची चादर वीस मिनिटांत कडक होते. पिगमेंट शाई (बारीक रंगकणांची) हेडच्या छिद्रांतच सुकते. मी प्रिंटर कूलरच्या खोलीत ठेवतो आणि दिवसाआड एक पान काढतोच. पाच वर्षं हेड शाबूत आहे.

रत्नागिरीचा_राजा
कूलरच्या दमट हवेत? पावसाळ्यात माझं काय होतं ते सांगतो. मॅट कागद पापडासारखा कडेने उचलला जातो, हेड त्यावर घासतं आणि प्रिंटच्या काठाला काळी रेघ. ३०८ ग्रॅमचा कॉटन कागद, एकेक शीट जपून वापरतो, आणि ती अशी जाते. ओलावा मुद्दाम घरात आणणाऱ्याला माझा सल्ला काय उपयोगाचा!

वऱ्हाडी_लेन्स
एकदा मे महिन्यात नागपुरात राहून दाखवा, मग कूलरवर बोला. तुम्ही समुद्रकाठी बसून आम्हाला हवा शिकवू नका.

अंधारखोली
दोघेही थांबा. प्रिंटर खोलीत ठेवा, पण झोत त्यावर नको. कागद हवाबंद पिशवीत सिलिका जेलसोबत, हे दोघांनाही लागू. राजे, जाड कागदाला ड्रायव्हरमध्ये प्लॅटन गॅप (हेडखालचं अंतर) वाढवता का? नसेल तर रेघ येणारच.

चाळीस वर्षं एन्लार्जरखाली (निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचं यंत्र) उभा राहिलेला माणूस म्हणून सांगतो, आधी कागद ठरवा. डीमॅक्स म्हणजे कागद धरतो ते सर्वांत गडद काळं, आकडा मोठा तेवढं गडद. मॅटवर तो १.६-१.७ च्या आसपास, चांगल्या बरायटावर (बेरियम सल्फेटचा थर असलेला, किंचित चमकदार कागद) २.२ च्या पुढे. कागदच काळं धरत नसेल तर सॉफ्टवेअर काय करणार? आणि माझ्याकडे कॅनन आहे. क्वाडटोनरिप माझ्या कॅननवर चालत नाही, हे मला प्रिंटर घेण्यापूर्वी कुणीच सांगितलं नव्हतं. त्याचा राग अजून आहे.

चंदेरीकण
कागदाचं शंभर टक्के मान्य. म्हणूनच कर्व्ह लागतो, काका. प्रत्येक कागद शाई वेगळी पितो. एप्सनच्या मोडमध्ये टोन मुळातच 'डार्कर'वर असतो, मॅट कागदावर अंधारातले बारकावे त्यात बुडतात. मी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पट्ट्यांचा प्रिंट काढतो, वाळू देतो, प्रत्येक पट्टीचा गडदपणा मोजतो आणि त्यावरून कर्व्ह सरळ करतो. एक संध्याकाळ जाते. पण त्यानंतर त्या कागदावर अंदाजपंचे काही राहत नाही.

आणि वऱ्हाडी, एक गोष्ट तुम्ही ऐकूनच घेत नाही. कार्बन शाई मीही वापरत नाही. निव्वळ कार्बन कागदावर तपकिरीकडे झुकतो, आजीच्या फोटोला मला तो टोन नको होता. माझ्या प्रिंटरमध्ये कंपनीचीच शाई आहे. क्वाडटोनरिप तीच शाई चालवतं, रंगीत प्रिंट नेहमीच्या ड्रायव्हरमधून निघतातच. किंमत ५० डॉलर.

वऱ्हाडी_लेन्स
हे आधी का नाही लिहिलं? क्वाडटोनरिप आणि कार्बन शाई ही दोन्ही नावं नेहमी एका दमात येतात, म्हणून मला वाटलं की शाईही बदलावीच लागते. तेवढं माझं चुकलं. मोड वाईट आहे हे मात्र मानत नाही, माझ्या बरायटावर तो उत्तम चालतो. मॅटवर अंधार बुडतो, हे खरं आहे. वडिलांच्या काळ्या कोटाचा फोटो तीनदा काढला, तिन्ही वेळा कॉलर दिसली नाही.

२१ पट्ट्यांची फाइल पाठवा. रविवारी कोटाचा प्रिंट दोन्ही तऱ्हांनी काढतो आणि खिडकीपाशी शेजारी ठेवून फोटो टाकतो. कूलरबद्दलचा शब्द मात्र मागे घेणार नाही.